आईच्या नाकावरची नीळ

आमचे चित्रकार उस्ताद नव्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत, कानाकडे बघत. पहिल्या दिवशी मी त्यांच्या डोळ्यांत औषध घालायला आखातातल्या अल रय्यान गावी त्यांच्या घरी गेले, तर सलाम राहिला बाजूला, म्हणाले, "सिस्टर, बाल पीछे करो." मी वसईची, इस्पितळात वर्षानुवर्षं काढलेली, पण असला हुकूम कुठल्या पेशंटने सोडला नव्हता. केस मागे घेतले. त्यांनी मान डोलावली. "चांगला कान आहे. तोंड खोटं बोलतं, कानाला ते जमत नाही." आणि शहाण्या मुलासारखे मान वर करून बसले.

त्यांचे वडील मोती विकायला मुंबईला येत, त्यामुळे हिंदी घरातच होतं. मोडकंतोडकं, पण माझ्याशी बोलायला पुरेसं. उस्ताद तरुण असताना या मुलखात माणसाचं चित्र काढणं धर्माविरुद्ध समजत, ते म्हणजे दुखणं विकत घेणं होतं. उस्तादांनी मात्र समुद्रात बुड्या मारणारे म्हातारे रंगवले, होड्या बांधणारे रंगवले, पुढे मोठमोठे शेखही त्यांच्यासमोर येऊन बसले. एकदा समोर बसलेल्या शेजाऱ्यानेच विचारलं, "कयामतीच्या दिवशी अल्लाने या चित्रांत जीव घाल असं फर्मावलं, तर काय करशील?" उस्ताद म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता हलू नकोस, कान राहिलाय." ते चित्र अजून त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, पाहुण्यांच्या डोक्यावर टांगलेलं आहे. कान जरा मोठेच झालेत.

"हलू नका" हा त्यांचा मंत्रच होता. मी औषधाचा थेंब सोडताना "बाबा, हलू नका" म्हणायचे, आणि त्याच क्षणी ते मला म्हणायचे, "तू हलू नकोस, उजेड चांगला पडलाय." आम्ही दोघंही एकमेकांना दटावत बसायचो. थेंब गालावरून ओघळून जायचा आणि मला पुन्हा घालावा लागायचा.

हसू यायचं, पण आत भीती होती. त्यांना काचबिंदू होता. नजर कडेकडेने विझत चालली होती, आणि गेलेली परत येत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता पाठ केला. डॉक्टरांपुढे घडाघडा म्हणून दाखवायचे. मी एकदा तक्ता बदलला, तरी त्यांनी जुनाच म्हटला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. घरी आल्यावर त्यांनी कॉफीची वाटी टेबलाच्या बाहेर हवेतच ठेवली. मी फुटलेले तुकडे गोळा केले. ते एवढंच म्हणाले, "सिस्टर, मला एक चित्र पुरं करायचंय. तेवढं होऊ दे."

ते चित्र त्यांच्या आईचं होतं. आईने जन्मभर बतूला घातला. बतूला म्हणजे इथल्या जुन्या बायकांचा कपाळ, नाक आणि ओठ झाकणारा मुखवटा, निळीत रंगवून घोटलेल्या कापडाचा. जगाने तिचे फक्त डोळे पाहिले. फोटो एकही नाही. आईचा उघडा चेहरा पाहिलेली दोनच माणसं उरली होती, उस्ताद आणि उत्तरेला अल रुवैसला राहणारी त्यांची थोरली बहीण, उम्म खालिद. "माझे डोळे गेले की आईचा चेहरा गेला," उस्ताद म्हणायचे. कान, हनुवटी, ओठ सगळं जमलं होतं. अडलं होतं नाकावर. बतूल्याची नीळ घामाने कातडीत उतरते, तशी आईच्या नाकाच्या दांडीवर उतरली होती आणि धुऊनही जात नसे. नेमका तो निळा रंगच आता उस्तादांना ओळखू येईना. ते रंगाची नळी माझ्यापुढे धरत. "ही कुठली?" मी म्हणे, "ही आमच्याकडे पांढऱ्या कपड्यांना घालतात तसली." "मग ही नाही. आणखी मेलेली बघ." मी नळ्या शोधत राही आणि वाटे, आज सापडली नाही तर पुढच्या आठवड्यात यांना नळीसुद्धा दिसणार नाही.

त्यात उम्म खालिदचा फोन आला. चित्राची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. आवाज एवढा चढला होता की मला पलीकडून ऐकू येत होता. उस्तादांनी नंतर सांगितलं, "ती म्हणते, आईने मरेपर्यंत झाकलं, ते तू भिंतीवर उघडं टांगणार?" दोन दिवस त्यांनी कुंचल्याला हात लावला नाही. माझ्या जिवाला घोर लागला. थेंब घालायला मी होते, पण मन मोडलं तर त्यावर माझ्या पेटीत काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते उठले. "यल्ला, चल रुवैसला."

चित्र चादरीखाली, मागच्या सीटवर मी ते दोन्ही हातांनी धरलेलं. ड्रायव्हरला बाहेरच थांबवून आम्ही आत गेलो. उम्म खालिद बतूल्यातच बसली होती. मी चादर काढली. ती बघत राहिली. मला वाटलं, आता ही चित्रावर काहीतरी फेकणार. ती उठली, हळूहळू चित्राजवळ गेली आणि नाकावर बोट नेलं. "इथे चुकलास," ती अरबीत म्हणाली. एवढं मलाही कळलं.

मग तिने मानेमागची गाठ सोडली. बतूला उतरवला. तिच्या नाकाच्या दांडीवर तीच नीळ होती, फिकट, राखेची छटा असलेली. तिने भावाचा हात धरून स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवला. उस्ताद कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटं फिरवत राहिले. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण मला रडू आवरत नव्हतं. निघताना ती काहीतरी म्हणाली. गाडीत उस्तादांनी अर्थ सांगितला: "आधी पुरा काढ. मग झाक."

तसंच केलं. राखाडी आणि निळा मिसळून मी दाखवत गेले, ते लावत गेले. आई पूर्ण झाली. रंग वाळू दिला, आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने त्या चेहऱ्यावर बतूला रंगवला. तोवर त्यांना माझा चेहराही दिसत नव्हता. "झाकली ना नीट?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झाकली, बाबा." "खलास," ते म्हणाले आणि कुंचला माझ्या हातात दिला.

आता उस्ताद नाहीत, उम्म खालिदही नाही. चित्र मजलिसमध्ये आहे. त्यांच्या सुनेने ईदला बोलावलं की मी जाते. बतूल्याच्या कडेबाहेर, नाकाच्या बाजूला निळसर रंगाचा एक डाग उरला आहे. लोक बघतात आणि हळहळतात, म्हाताऱ्याची नजर गेली होती, ब्रश बाहेर गेला. मी मान डोलावते, ती आईच्या नाकावरचीच नीळ आहे हे सांगत नाही. तो चेहरा पाहिलेली आता मी एकटीच आहे, आणि त्या दोघा भावंडांना तो झाकलेलाच हवा होता.