केवळाबाईची सवत

पोखर्णीच्या शिवारात राहणाऱ्या रायभानच्या दोन बायका एकामागून एक वारल्या. आता तिसरीही टिकायची नाही, असं लोक धरूनच चालले. म्हणून केवळाबाईशी लग्न लागण्याआधी त्याचं लग्न परसातल्या रुईच्या झुडपाशी लावलं. हळद लागली, डोरलं बांधलं. रुई तिसरी झाली, केवळाबाई चौथी.

रीत अशी, की नंतर ते झुडूप तोडून टाकायचं. रायभानने कुऱ्हाड उचलली, तर नवी नवरीच आडवी आली.

"माझं मरण तिनं अंगावर घेतलं, अन् तुमी तिलाच तोडायलाव?"

रायभानची आत्या चतुराबाई म्हणाली, "सवत जिती ठेवली तर तुझं काय खरं न्हाई, पोरी."

पण केवळाबाई हट्टाची पक्की. दर शुक्रवारी रुईला कुंकू लावायची, दोन सुखदुःखाच्या गोष्टी सांगायची. रुईच्या जांभळट फुलांवर काळे भुंगे यायचे आणि तिथून शेजारच्या भोपळ्याच्या वेलावर जायचे. भोपळे असे धरले, की घरात ठेवायला जागा पुरेना. गावात वाटताना ती सांगायची, "आमच्या थोरलीनं धाडलेत." सवतीचं कौतुक करणारी बाई गावाने पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या वर्षी केवळाबाई हिवतापाने अंथरुणाला खिळली. परभणीच्या दवाखान्यातलं औषध लागू पडेना. चतुराबाईने भाच्याकडे नुसतं पाहिलं. दोघींना मसणात पोचवून आलेला माणूस तो, त्याचा धीर सुटला. त्याने रुई बुडापासून तोडली.

ताप उतरला. औषधाने की कशाने, देव जाणे. केवळाबाई भिंत धरत परसात आली, बुडखा पाहिला आणि तिथेच बसली. आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही. रागावणार तरी किती? बिचारा तिच्याच जिवापायी घाबरला होता.

पण रुईची मुळं खोल. महिनाभरात बुडख्याला कोवळे फुटवे आले. चतुराबाई विळा घेऊन निघाली, तर या वेळी रायभान आडवा आला.

"ऱ्हाऊ दे, आत्या. एकदा मारली, लय झालं."

आणि त्याने रुईभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

पुढे बारा वर्षं दोघांचा संसार झाला. निजामाचं राज्य गेलं त्या सालच्या उन्हाळ्यात रायभान वारला. बायकांनी केवळाबाईचं कुंकू पुसलं आणि रुईच्या खोडावरचं पुसायला वळल्या. केवळाबाईने त्यांचा हात धरला.

"तिचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आमा दोघींतल्या एकीला तरी लेऊ द्या."