वीस बाजूंचा फासा

भिकुबाईला कुणी ‘मणीवाली’ म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मणी ती पूर्वी करायची. दुष्काळात नवरा हिलाल हमालीसाठी खंभातला गेला तेव्हा तीही बरोबर गेली आणि तिथल्या कारखान्यात अकीक, म्हणजे मण्यांचा दगड, घासायला शिकली. काडीच्या टोकाला लाखेने दगड चिकटवायचा, फिरत्या चाकावर पाणी सोडायचं आणि हाताच्या अंदाजाने पैलू पाडायचे. दोंडाईच्याजवळच्या आपल्या गावी परतल्यावर तिने गोठ्यात छोटी मोटर आणि चाक बसवलं. मणी करून द्यायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मग ब्याण्णव साली दोंडाईच्याचा व्यापारी रतिलाल एक प्लास्टिकचा ठोकळा घेऊन आला. वीस बाजू, प्रत्येक बाजू त्रिकोणी. असेच खऱ्या दगडाचे हवेत म्हणाला. परदेशात माणसं टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले राजे, चोर, मांत्रिक होतात. तलवार उगारली की फासा टाकायचा, आकडा येईल तसा वार लागणार नाहीतर हुकणार. पैसा लावायचा नाही. भिकुबाई पदर तोंडाला लावून हसली. मिशा फुटलेली माणसं, आणि चोर-राजा खेळतात! पण खेळ तिला आवडला. गोष्टीतला राजा मरतो की जगतो हे आपल्या दगडावर ठरणार, हे तर फारच आवडलं.

काम मात्र जिवाचं पाणी करणारं. एक बाजू जराशी मोठी राहिली की फासा तिच्यावरच बसायला बघतो. भिकुबाई प्रत्येक फासा पितळी परातीत पुन्हा पुन्हा टाकायची. एकाच बाजूवर लोळायला लागला की त्याला ‘लबाड’ म्हणायची आणि चाकावर धरून त्याचा मणी करून टाकायची. लाल अकीक, दुधी गारगोटी, आत शेवाळ अडकल्यासारखा हिरवा दगड, सगळ्यांना हाच न्याय. आकडे कोरायला माल खंभातला जायचा, पण फासा खरा की खोटा हे तिच्या गोठ्यात ठरायचं. बाईला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातच्या कामाचा गर्व वाटत होता, आणि का वाटू नये?

आता पुढचं ऐका, आणि संताप आला तर येऊ द्या. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. आणि बापे काय करतात? पत्ते कुटतात. पैसे लावून, उजळ माथ्याने, घरच्या बाईच्या डब्यातले पैसे काढून. सणच आहे म्हणे! गावात सगळ्यात मोठी बैठक सरपंच तोताराम आबांच्या खळ्यात बसायची. त्या वर्षी आखाजीच्या तोंडावर कुणीतरी जुगाराची कागाळी केली आणि दोन पोलीस चौकशीला आले. आबांनी तोंडातला पानाचा तोबरा सांभाळत सरळ भिकुबाईच्या गोठ्याकडे बोट दाखवलं. पत्तेबित्ते काही नाही साहेब, एक बाई फासे बनवते, तिच्यापायी गावाचं नाव बद्दू होतंय. पोलिसांनी एक फासा उलटासुलटा करून पाहिला, समज दिली आणि चहा पिऊन निघून गेले. संध्याकाळी आबांनी मारुतीच्या पारावर गाव गोळा केलं.

“भिकुबाई, गावमा जुगारना फासा बनतस, आसं लोके म्हनतस,” आबा म्हणाले. “तुन्ही मोटर बंद करनी पडी.”

भिकुबाई तोंड उघडणार तेवढ्यात हिलालच पुढे झाला. हात जोडलेले, मान खाली. “फासा नहीत आबा. मणी शेतस त्या. निस्ता मणी.”

आबांना तेवढंच हवं होतं. मणी असतील तर गावात जुगारच नाही, मग काही हरकत नाही, म्हणाले. बाईनेही एवढं चारचौघांत कबूल करावं, मोटर चालू राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. किती सोपं! एक शब्द बदलायचा आणि घरी जायचं. भिकुबाईने पदर डोक्यावर घट्ट ओढला. तिच्या परातीतून नापास झालेल्या दगडाला ती मणी म्हणत होती, आणि हे म्हणत होते की सगळ्यांनाच तसं म्हण. कोण म्हणत होतं? जे बायकांच्या पाटल्या खळ्यात पत्त्यांवर हरले होते, ते.

“मणी नहीत,” ती म्हणाली. “फासाच शेतस. जुगार मन्हा गोठामा नही, तुमना खळामा शे, आबा. आखाजीले जो मानूस पत्ता खेयस नही, त्यानी उठावं आनि मन्ही वायर तोडी टाकावी. मी परत जोडाव नही. हाऊ मन्हा शबद शे.”

कुणी खाकरलं, कुणी चप्पल शोधायला लागलं. भिकुबाईला डाव जिंकल्याची खात्री होती. एकेकाच्या तोंडाकडे ती टक लावून बघत होती आणि एकेक जण नजर चुकवत होता. तोताराम आबा मात्र हसले.

“हिलाल,” ते म्हणाले, “तू ते कधीच खेयस नही ना रे?”

खरंच होतं. सगळ्या गावात असा एकच माणूस होता. हरायची भीती वाटायची म्हणून हिलालने जन्मात पत्ता हातात धरला नव्हता. भिकुबाईला ते माहीत नव्हतं असं थोडंच? पण रागाच्या भरात नवऱ्याला गावात मोजायचं ती विसरली होती. हिलालने बायकोकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि आजवर कुणालाच ‘नाही’ न म्हटलेला तो माणूस उठला. गोठ्यात जाऊन त्याने मोटरची वायर तोडली. सगळं गाव त्याच्या मागे बघायला गेलं होतं.

आखाजीच्या दिवशी आबांच्या खळ्यातला आरडाओरडा घरात ऐकू येत होता. भिकुबाईने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, आमरस केला आणि हिलालचं ताट वाढलं. त्या संध्याकाळपासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तो पहिला घास मोडणार तोच ती बोलली.

“तुम्ही जन्ममा एक डाव खेयी लेतात, ते काय बिघडतं व्हतं?”

भिकुबाईने त्याच्या वाटीत आणखी रस वाढला आणि ती आत निघून गेली.