कवळीकाकांचं विमान

कवळीकाकांनी छत्तीस वर्षं लोकांचे दात बनवले. दातांच्या दवाखान्यामागे त्यांची एक अरुंद खोली होती. तिथे प्लास्टरची पोती, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि खिडकीत ओळीनं मांडलेले बिनमाणसांचे जबडे असायचे. माप पुढून यायचं, कवळी मागून जायची. पण एखादी कवळी बसत नाही अशी तक्रार आली, की काका त्या माणसालाच आत बोलावून घ्यायचे.

"नुसतं चावता येऊन भागत नाही, बोलता आलं पाहिजे," असं म्हणून ते त्याला समोर बसवत. "म्हणा, सात सासवा सशासारख्या सुटल्या." माणूस हसायचा आणि कवळी खटकन खाली यायची. मग काका ती घासायचे, पुन्हा बसवायचे, आणि तोवर त्यांचं स्वतःचं तोंड अखंड चालू असायचं. कवळी पाच मिनिटांत बसायची, पण काकांच्या तावडीतून सुटायला अर्धा तास लागायचा.

अशा बोलघेवड्या माणसाची वाचा गेली.

चौसष्टाव्या वर्षी, कामावरच, मेण कापायची सुरी हातातून पडली आणि ती उचलायला वाकलेले काका उठलेच नाहीत. इस्पितळातून महिन्याभरानं घरी आले तेव्हा उजवा हात लुळा होता आणि बोलणं बंद. बायको चार वर्षांपूर्वीच गेली होती. मुलगी तीन तासांच्या अंतरावर, दुसऱ्या शहरात. ती एकाआड एक रविवारी यायची. सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक आणि झाडलोट करून जायची. त्यानंतर घरात काका आणि फ्रिजची घरघर.

बोलणं शिकवणाऱ्या बाई मंगळवारी यायच्या. त्यांना एक गोष्ट पहिल्या दिवशीच कळली. त्या "पाणी" म्हणाल्या की काका स्वच्छ "पाणी" म्हणत. त्या "खिडकी उघडा, गरम होतंय" म्हणाल्या की तेही जसंच्या तसं म्हणत. पण "तहान लागली तर काय मागाल, काका?" असं विचारलं, की ते समोरच्या भांड्याकडे बघत राहायचे. कपाळावर घाम यायचा. शब्द माहीत असायचा, जिभेपर्यंत यायचा नाही.

"दुसऱ्याचं बोलता येतं, स्वतःचं सुचत नाही," बाईंनी मुलीला समजावलं. "होतं असं कधीकधी. वेळ लागेल."

डाव्या हाताला कामाची सवय व्हावी म्हणून जावयानं कॉम्प्युटर आणून बसवला आणि त्यात विमान चालवायचा खेळ घालून दिला. खेळ म्हणायचा एवढंच. पडद्यावर खऱ्या प्रवासी विमानाचं अख्खं कॉकपिट होतं, शेकडो बटणं आणि दिवे. जावई म्हणाला, "कंटाळा आला तर बंद करा, बाबा." काकांना कंटाळा आला नाही. दाढेच्या खळग्या कोरण्यात आयुष्य गेलेला माणूस. बारीकसारीक कामाची त्यांना सवयच होती.

एका हातानं विमान उडवता येत नाही. सुकाणू एकीकडे, इंजिनाचे दांडे दुसरीकडे. पहिल्या आठवड्यात काकांनी अकरा विमानं मातीत घातली. मग त्यांनी ऑटोपायलट शिकून घेतला. उंची किती, वेग किती, दिशा कोणती, हे चकत्या फिरवून सांगायचं आणि बाकी विमानावर सोडायचं. उतरताना जमिनीवरून दोन अदृश्य रेषा येतात, एक धावपट्टीची दिशा दाखवणारी, दुसरी उताराची. विमानानं त्या दोन्ही पकडल्या, की दुसरा ऑटोपायलट जोडीला लावायचा. चाकं खाली, पंखांच्या झडपा खाली, ब्रेक आपोआपवर. मग हात मांडीवर ठेवून बघत राहायचं. यंत्राचा आवाज उंची मोजतो, पन्नास, चाळीस, तीस, वीस, आणि नाक अलगद वर उचलून विमान स्वतःच टेकतं.

जावयानं पुढे त्यांना अशा हौशी लोकांच्या मंडळातही घातलं. तिथे सगळे आपापल्या घरून एकाच आकाशात विमानं उडवत आणि त्यांच्यातलेच काहीजण नियंत्रक होऊन रेडिओवर परवानग्या देत. तिथला नियम असा, की नियंत्रक जे सांगेल ते वैमानिकानं शब्दशः परत म्हणायचं, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. काकांना आणखी काय हवं होतं! सुरुवातीची विनंती जावयानं एका बटणावर लिहून ठेवली होती. ते दाबलं की ती आपोआप जायची. त्यानंतर फक्त परत म्हणायचं.

"चार-एक-सहा, धावपट्टी सत्तावीस, उतरायला परवानगी," नियंत्रक काकांच्या विमानाचा नंबर घेऊन म्हणायचा.

"धावपट्टी सत्तावीस, उतरायला परवानगी, चार-एक-सहा," काका खणखणीत आवाजात म्हणायचे. पहिल्या दिवशी स्वतःचाच आवाज ऐकून त्यांनी कानावरचा हेडफोन काढून बघितला होता.

मंडळातले लोक त्यांना बटणबहाद्दर म्हणायचे. स्वतःच्या हातानं एकदाही विमान न उतरवणारा. काका ऐकून घ्यायचे. उत्तर देता आलं असतं तर त्यांनी तिथल्या सगळ्यांना पुरून उरेल असं काहीतरी सुनावलं असतं.

दुपारी तीन ते पाच एक बाई नियंत्रक असायची. आवाज थोडा घोगरा. प्रत्येक वाक्याआधी खाकरायची. काका तिच्या वेळेतच उडायचे. दिवसभरात माणसाशी होणारं त्यांचं बोलणं तेवढंच.

एका बुधवारी आकाशात दुसरं कोणीच नव्हतं. पडद्यावर दाट धुकं होतं आणि काकांच्या विमानानं नुकत्याच दोन्ही रेषा पकडल्या होत्या. हेडफोनमध्ये खाकरणं ऐकू आलं.

"चार-एक-सहा, आज तुम्ही एकटेच आहात."

"आज तुम्ही एकटेच आहात, चार-एक-सहा," काकांनी परत म्हटलं.

ती हसली. "हो, मीही एकटीच. कसे आहात?"

काकांचा अंगठा बोलायच्या बटणावर होता. बरा आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "कसे आहात?"

पलीकडे ती खाकरली. मग ती म्हणाली, "खरं सांगू? बरी नाहीये. मागच्या महिन्यात आई गेली. बारा वर्षं तिचंच करत होते. आता दुपारी घर खायला उठतं."

"घर खायला उठतं," काका म्हणाले.

"हं," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं."

काकांनी अंगठा झटकन काढून घेतला. नाहीतर तेही परत म्हटलं गेलं असतं. विमान धुक्यातून खाली चाललं होतं. पन्नास, चाळीस, तीस. ते टेकलं, सरळ रेषेत धावलं, थांबलं. तिनं नेहमीसारखं गेट सांगितलं आणि आभार मानले, नेहमीपेक्षा जरा मऊ आवाजात.

त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. कुणीतरी आपलं दुःख सांगितलं होतं आणि त्यांनी तिचेच शब्द तिच्या ओंजळीत परत टाकले होते. तिला वाटलं, माणूस बोलला. खरं तर त्यांना बोलायचंच होतं. बायको गेल्यापासून त्या घरात दुपारी काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? एकच शब्द पुरला असता. माझंही.

तो शब्द त्यांनी शिकायला घेतला. कोण म्हणून दाखवणार? बाईंना सांगायचं तर आधी तोच शब्द म्हणायला हवा. ते हातात आरसा घेऊन बसले. कुठल्या अक्षराला ओठ कुठे मिटतात आणि जीभ कुठे टेकते, हे छत्तीस वर्षं परक्या तोंडांत बघितलं होतं. ओठ मिटले की म. जीभ वरच्या दातांमागे लागली की झ. शेवटी नुसता श्वास. म यायचा, मग जीभ हरवायची. कधी "माप" यायचं, कधी "मेण", एकदा तर बायकोचं लाडाचं नाव आलं आणि त्या दिवशी त्यांनी आरसा पालथा ठेवला.

पाच आठवडे गेले. त्या काळात त्यांनी विमानाला हात लावला नाही. रविवारी मुलगी आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बसचा प्रवास म्हणजे नुसता वैताग. डोकं फुटायची वेळ आलीये माझं."

"माझंही," काका म्हणाले.

मुलगी ताडकन उठली. "बाबा! पुन्हा म्हणा!" तिनं त्यांचे गाल धरले, रडली, हसली, लगेच बोलणं शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला. काका मात्र जरा खट्टू झाले होते. इतक्या कष्टानं आणलेला शब्द डोकेदुखीवर खर्च झाला होता. पण तो येतो, हे कळलं.

सोमवारी त्यांनी कॉम्प्युटरवरची धूळ पुसली. रेडिओवर कुणी पुरुष होता. मंगळवारीही तोच. गुरुवारी तीन वाजता हेडफोनमध्ये कुणीतरी खाकरलं, आणि काकांनी घाईघाईनं बटण दाबून विनंती पाठवली.

त्या दिवशी गर्दी होती, आगेमागे चार-पाच विमानं. परवानगी आली, काकांनी ती परत म्हटली, दोन्ही रेषा पकडल्या, चाकं सोडली. विमान टेकलं, धावलं, थांबलं. मग त्यांनी बोलायचं बटण दाबलं. कुणी काही विचारलेलं नव्हतं.

"माझंही."

"चार-एक-सहा, पुन्हा सांगा."

समोर आरसा नव्हता. त्यांनी ओठ मिटले. "माझंही. घर."

इतक्यात दुसऱ्या एका विमानानं उतरायची परवानगी मागितली आणि तिनं ती दिली, सरावाच्या सपाट आवाजात. मग पुन्हा खाकरणं.

"चार-एक-सहा, समजलं. डावीकडे वळा, गेट बारा."

समजलं. रेडिओवर सगळेच प्रत्येक गोष्टीला तेच म्हणतात. तिला तो बुधवार आठवला, की म्हाताऱ्याचं काहीतरी बिघडलंय असं वाटलं, हे काकांना कधी कळलं नाही. पुढेही तिनं विषय काढला नाही.

"डावीकडे वळा, गेट बारा, चार-एक-सहा," ते म्हणाले आणि वळले. इंजिनं एकेक करून बंद केली, पण रेडिओ चालू ठेवला. ती बाकीच्यांना खाली आणत होती, एकाला ताटकळत ठेवत होती, दुसऱ्याला वेग कमी करायला सांगत होती. पाच वाजता तिनं सगळ्यांचा मिळून निरोप घेतला. तोवर काका गेटवर उभ्या केलेल्या विमानात बसून ऐकत होते. मग त्यांनी हेडफोन काढला आणि चहाचं आधण ठेवायला उठले.