आत्याची होडी आणि दादाची बॅग

वाकडी शिलाई दिसली की माझ्या आत्याचं डोकं फिरतं. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या अनोळखी माणसाची कॉलर उसवलेली असेल, तर ती त्याच्या खांद्यावर टकटक करून तसं सांगते. एकदा तर तिने बँकेच्या मॅनेजरला काउंटरबाहेर बोलावलं आणि त्याच्या खिशाला तिथल्या तिथे दोन टाके घातले. शर्ट अंगातच होता. मॅनेजर श्वास रोखून उभा.

तिचं शिवणकामाचं दुकान चाळीस वर्षं एकाच गल्लीत आहे. एक लांब टेबल, दोन मशीन, आणि मागच्या खिडकीतून दिसणारा तलाव. काका गेल्यावरही तिने दुकान एक आठवडा सोडून कधी बंद ठेवलं नाही.

तर या दुकानात एक दिवस दातांचे एक निवृत्त डॉक्टर मोठं पांढरं गाठोडं घेऊन आले.

"बाई, एवढं फाटलंय, शिवून द्याल?"

"पडदा आहे का?"

"शीड आहे. होडी विकायचीय. फाटकं शीड बघून गिऱ्हाईक पळतं."

"विकताय कशाला?"

"गुडघे. होडीत दर मिनिटाला उठबस करावी लागते. मी बसलो की बसलो."

आत्याने ते कापड बोटांत चोळून पाहिलं, कानाशी नेऊन त्याची करकर ऐकली, आणि मग आयुष्यात कधी होडीत पाय न ठेवलेल्या या बाईने विचारलं, "कितीला देताय?"

सौदा ठरला तो असा: दोन सूट आणि आयुष्यभर आल्टरेशन फुकट.

"आयुष्यभर?" मी फोनवर किंचाळले.

"अगं, अठ्ठ्याहत्तरीचे आहेत. परवडतं."

होडी दुकानामागच्या अंगणात आली. फायबरची, दोन माणसं कशीबशी मावतील एवढी. एका बाजूला लांब तडा, आत पालापाचोळा आणि पक्ष्याचं रिकामं घरटं. मी पंपांच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते, त्यामुळे घरातल्या प्रत्येक बिघाडाला मलाच बोलावतात. मी होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हटलं, "आत्या, झाडं लाव हिच्यात."

त्याच आठवड्यात दादा आला. दादा म्हणजे आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ. येताना त्याने एक नवी कोरी, चाकांची भलीमोठी बॅग आणली होती. रिकामी.

"आई, सातव्या मजल्यावर तुझी खोली तयार आहे. आता दुकान पुरे. एकटी किती दिवस राहणार?"

"एकटी कुठे? एवढं गिऱ्हाईक येतं."

"आणि होडी कसली घेतलीस? लोक मला फोन करून विचारतायत, आईची तब्येत बरी आहे ना?"

आत्याला राग आला की ती ओरडत नाही, कात्रीला धार लावते. तिने धार लावता लावता सांगितलं, "तलावात ते लाल पिंप तरंगतंय ना? या होडीतून मी तिथपर्यंत जाऊन, वळसा घालून परत आले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही आले, तर तुझी बॅग भरते."

"वल्हं न मारता?"

"वल्हं न मारता."

दादा खूश झाला. बॅग तिथेच ठेवून गेला. म्हणाला, महिन्याने येतो. जाताना मला बाजूला घेऊन त्याने आईच्या अंथरुणाचं माप पाठवायला सांगितलं.

मग माझे सगळे शनिवार-रविवार अंगणात गेले. गळती शोधायला मी होडी तलावात न्यायचं म्हणत होते. आत्या म्हणाली, "होडी पाण्यात कशाला, पाणी होडीत घाल." नळी लावून आत पाणी सोडलं. जिथून पाझरलं तिथे तिने शिवणाच्या खडूने फुल्या मारल्या. तेरा फुल्या. डॉक्टर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी चष्मा सरसावून निदान केलं, "बाकी बारीक किडी आहेत, भरून टाका. तड्याला मात्र मुळापर्यंत जावं लागेल."

गळती बुजवायचं रसायन मिसळण्याचं काम मी ऐटीत स्वतःकडे घेतलं. पहिलाच डबा एवढा तापला की धूर निघाला आणि ब्रश आत कायमचा उभा राहिला. तो आजही आत्याच्या टेबलावर आहे. कुणी विचारलं तर ती सांगते, "आमच्या इंजिनिअरबाईंनी केलाय." मात्र तड्यावर चिकटवायचं काचेच्या धाग्यांचं कापड तिने उरेब, म्हणजे तिरकं कापलं, आणि मी सरळ कापलेले तुकडे जिथे सुरकुतत होते तिथे तिचे तुकडे होडीच्या गोलाईवर साईसारखे बसले.

शेवटी शीड उरलं. शेजारच्या लाँड्रीच्या गच्चीवर ते पसरलं आणि आत्याचा चेहरा बदलला.

"हे शिवलंय कुणी? एक पट्टी दुसरीला सरळ जोडलेली नाही. सगळीकडे झोळ!"

खरंच, कितीही ताणलं तरी शीड मधोमध फुगायचं. आत्याने दुकानाची कामं सांभाळत दहा दिवस लावून सगळ्या शिलाया उसवल्या, जादा कापड आत दाबलं आणि पट्ट्या पट्टीसारख्या सरळ जोडल्या. मी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून तपासलं. कुठे बोटभरही फट नाही. "एकदम सपाट," मी शेरा दिला. डॉक्टरांना दाखवायचं आमच्या मनातही आलं नाही. शिवणातलं त्यांना काय कळतं?

रविवारी सकाळी दादा धक्क्यावर हजर. चहाचा थर्मास, घडीची खुर्ची आणि पाच वाजताच्या बसची दोन तिकिटं. दुसरं तिकीट त्याने वरच्या खिशात दिसेल असं ठेवलं होतं.

दर शनिवारी डॉक्टर आत्याला जमिनीवरच्या होडीत बसवून सुकाणू शिकवत होते. आत्याने ते हातात घेतलं. मी सोबत होते ती वजन म्हणून. इस्त्री केलेल्या चादरीसारखं शीड वर चढलं. गल्लीतल्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या. वारा बाजूने येत होता, म्हणजे जायला-यायला सारखाच सोपा, असं डॉक्टर म्हणाले होते.

होडी जागची हलेना. हलली ती आडवी. एक बदक मागून आलं, आमच्याकडे बघून पुढे निघून गेलं. पाऊण तासात आम्ही पिंपाच्या जवळपासही नव्हतो, थेट लव्हाळ्यात घुसलो होतो. शेवटी वल्हं मारत परत यावं लागलं.

दादाने शहाण्यासारखं हसू आवरलं. "चल आई. बॅग भरू."

तेवढ्यात डॉक्टर शिडाखाली येऊन उभे राहिले. "बाई, शिडाचं पोट कुठे गेलं?"

"काढलं. झोळ होता."

"अहो, झोळ कसला? तेच तर इंजिन! त्या फुगवट्यावरूनच वारा होडी ओढतो."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे चाळीस वर्षं मी ब्लाउजला टक्स घालते, आणि याला छाती-पोट नाहीच असं धरून शिवलं? सपाट कापडात अंग मावत नाही, तर वारा काय मावणार!"

आणि मी? कारखान्यात मी दिवसभर पंपाच्या पात्यांची वळणं काढते. पातं सपाट असलं तर पाणी ढकललं जात नाही, हे मी नव्या मुलांना शिकवते.

"बस पाचला ना?" आत्याने दादाला विचारलं. "आत्ता साडेअकरा झालेत. सूर्य काही तुझ्या बसने जात नाही." आणि शीड काखोटीला मारून ती दुकानाकडे निघाली.

या कापडाची एक गंमत आहे. सुईचं छिद्र त्यात कधी बुजत नाही. त्यामुळे उसवल्यावर जुन्या शिलाईची वाट ठिपक्याठिपक्यांनी स्पष्ट दिसत होती, प्रत्येक पट्टीला हलकीशी गोलाई. मी उसवत होते, आत्या मशीन चालवत होती. पण ती ठिपक्यांवरून गेली नाही, किंचित आतून गेली.

"आत्या, जुनी रेघ सोडून चाललीस."

"कापड वय झाल्यावर सैल पडतं. माणसासारखंच. तेवढं आत घ्यायला हवं."

यावेळी मी दोरा बाहेर काढला नाही.

साडेतीनला आम्ही पुन्हा पाण्यात. शीड चढलं, क्षणभर लोंबलं आणि मग भरलं, जेवून उठल्यासारखं. होडीच्या बुडाखाली खळखळ सुरू झाली. "आत्या, चाललीय!" मी ओरडले. "वजनाने बोलू नये," आत्या म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते. लाल पिंप आलं, ती त्याला गुडघा घासेल इतक्या जवळून वळली, आणि आम्ही परत निघालो. दादा खुर्चीतून उठून उभा राहिलेला लांबूनच दिसत होता.

धक्का जवळ येऊ लागला. जरा जास्तच भराभर.

"आत्या, थांबवायचं कसं?"

"ते पुढच्या शनिवारी शिकवणार होते."

दादाने धावत येऊन होडीचं टोक दोन्ही हातांनी अडवलं. होडी थांबली. दादा नाही. तो छातीएवढ्या पाण्यात उभा राहिला, दोन्ही तिकिटांसकट.

मग दादाने खिशातून ओली तिकिटं काढली, एक वेगळं केलं आणि आईकडे बघत म्हणाला, "हे परत करता येणार नाही आता."

"माझं तिकीट काढायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"आई, पिंपाला इतक्या जवळून वळायची काय गरज होती? जीव खालीवर झाला माझा." एवढं बोलून तो हसायला लागला आणि त्याला थांबता येईना.

आत्याने दुकानात त्याची पॅन्ट इस्त्रीने वाळवून दिली, गुडघ्यावर फाटलं होतं तिथे चार टाकेही घातले. बसची वेळ झाली तशी दादाने रिकामी बॅग उचलली.

"ती ठेव," आत्या म्हणाली. तिने शीड फुगवट्यावर घडी न पडू देता गुंडाळलं आणि आत ठेवलं. चेन सहज लागली. "बघ, मापात बसलं. आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा पातळ पॅन्ट घालून ये. ही लवकर वाळत नाही."