टायरच्या ट्यूबचा जमाखर्च

जेवता जेवता ह्यांनी खर्चाचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि माझा घास हातातच राहिला. मासे धरायची एक छडी आणि तिचं रीळ, किंमत ह्यांचा दीड महिन्याचा पगार! तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि हे तिथे नकाशे काढायच्या कामावर होते. तिथला एक परदेशी इंजिनियर सुट्टीच्या दिवशी ट्रकच्या ट्यूबमध्ये बसून तळ्यात तरंगायचा आणि गळाला पिसांची खोटी माशी बांधून मासे धरायचा. आता तो मायदेशी निघाला होता आणि छडी विकत होता.

दारावर येणाऱ्या कोळणीला मी हे सांगितलं, तर ती टोपली उतरवायची विसरून माझ्याकडे बघतच राहिली.

"एवड्या पैशात आमी जालं घेऊ, बाय! नि तुजा नवरा टूबीत बसून मासं धरनार हाय?"

पण ह्यांचा जीव त्या छडीत अडकला होता. मग दोघांनी बसून बाकीच्या खर्चाला कात्री लावली. ट्यूब बोईसरच्या गॅरेजातली, जुनी, ठिगळ लावलेली. बसायला कॅनव्हासची झोळी पालघरला शिवून घेतली. कोंबड्याची पिसं शेजारून फुकट मिळाली. पाण्यात पुढेमागे जायला तो साहेब पायात रबरी पंख घालायचा, ते ह्यांनीच खोडले. "पाय आहेत की मला!" म्हणाले. माझी दिवाळीची साडी मी खोडली.

एका रविवारी तळ्यावर गेलो. हे ट्यूबमध्ये बसून मोठ्या थाटात सुटले. थोड्या वेळाने वारा आला आणि ट्यूब आपली आपण मध्यावर चालली. ह्यांनी पाय झाडून पाहिले, काही उपयोग नाही. तेवढ्यात ठिगळापाशी बुडबुडे दिसायला लागले आणि ट्यूब एका बाजूने बसू लागली.

"अहो, सोडा ती ट्यूब! पोहत या!" मी काठावरून ओरडले.

"पोहता कुठे येतं मला!"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पोहता येत नाही आणि हा माणूस दीड महिन्याचा पगार घालून पाण्यात बसलाय? काठावर बैल धुणारा म्हातारासुद्धा थबकला. "पवता येत नाय, नि पान्यात गेला?"

मी पदर खोचला आणि उडी टाकली. जवळ पोचले तेव्हा हे गळ्यापर्यंत बुडाले होते, पण हात वर आणि हातात छडी.

"आधी ही घे," म्हणाले.

इतका संताप आला मला! ती छडी हिसकावून मी लांब भिरकावली आणि ह्यांना काखेत धरून काठाला ओढून आणलं.

पोटातलं पाणी ओकून झाल्यावर हे आता छडीसाठी हळहळतील असं मला वाटलं. पण हे माझ्याकडेच भूत पाहिल्यासारखे बघत होते.

"तुला पोहता येतं?"

"माझं माहेर कृष्णाकाठचं. लहानपणापासून येतं."

"लग्नाला एवढी वर्षं झाली, कधी बोलली नाहीस ती!"

"तुम्ही विचारलंत कधी?" असं मी तावातावाने म्हटलं खरं, पण लगेच मला रडू फुटलं. मी तरी ह्यांना कुठे विचारलं होतं?