चिलखताला पाणी

पुंडलिकनगरात तेव्हा आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. आजूबाजूला नव्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीसाठी नवं बोअर पाडलं जात होतं. शनिवारी दुपारी मशीनचा तो आवाज खिडक्या लावूनही घरात यायचा. त्या आवाजातच आमचा खेळ चालायचा.

खेळात मी गोष्ट सांगायचे आणि बाकीचे तिघं तिच्यातली माणसं व्हायचे. पुढं काय होईल हे सांगता येणार नाही, तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा, आकडा जेवढा मोठा तेवढं बरं. माझी धाकटी बहीण कुऱ्हाडवाली, तिची मैत्रीण मांत्रिक आणि माझा मामेभाऊ योद्धा. तो फुलंब्रीहून रोज कंपनीत यायचा, शनिवारी पहिली पाळी संपली की थेट आमच्याकडे.

दुर्मिळ धातूची हत्यारं करायचे नियम खेळाच्या पुस्तकात होते, पण मला ते पुळचट वाटायचे. सोन्याची नाणी द्या, फासा टाका, झाली तलवार. मी ते बाजूला ठेवले आणि स्वतःचे केले. चंदेरी लाकडाचं धनुष्य हवं तर ते झाड आपणहून पडेपर्यंत थांबायचं. ड्रॅगनच्या खवल्यांची ढाल हवी तर मांत्रिकानं एक मंत्र कायमचा विसरायचा. असले नियम मला चांगले सुचायचे आणि ते मला ठाऊक होतं.

मामेभावाला उल्केच्या लोखंडाचं चिलखत पाहिजे होतं. कित्येक शनिवार खपून त्यानं धातू जमवला आणि डोंगराखालच्या एका गावात लोहाराच्या भट्टीपाशी पोचला.

"लोहार म्हणतो, हे लोखंड फार पाणी पितं," मी सांगितलं. "तापवून याला पाणी द्यायचं तर गावची विहीर रिकामी होईल."

"गावाला दुसरी विहीर हाय का?"

"नाही."

"मग नको."

बहीण वैतागली. "अरे, पुढं ड्रॅगन आहे. आणि विहीर कागदावरची आहे."

"व्हय. पण मला नाय जमणार."

त्या उन्हाळ्यात त्याच्या गल्लीत टँकर यायचा आणि ड्रम भरून झाल्याशिवाय तो कामावर निघत नसे. थोडा विचार करून तो म्हणाला, "तेलात बुडवू. आमच्या कंपनीत तापलेलं लोखंड तेलातच बुडवतेत."

हे माझ्या नियमांत नव्हतं. मी तिथल्या तिथं ठरवलं. "चिलखत होईल. पण ड्रॅगनची आग ते अडवेलच असं नाही. त्या वेळी फासा टाकावा लागेल."

"चालंल."

पुढच्या शनिवारी ड्रॅगन आला. मामेभावानं फासा टाकला, दोन पडले. बहीण माझ्याकडे बघत राहिली. गोष्ट सांगणाऱ्याला वाटलं तर असा आकडा न धरता पुढं जाता येतं, हे तिला माहीत होतं.

"चिलखत वितळलं," मी म्हणाले. "योद्धा गेला."

"तू वाचवू शकली असतीस," बहीण म्हणाली.

"शकले असते. पण मग त्यानं विहीर सोडली, त्याला काय अर्थ राहिला?"

तिला ते पटलं नाही. ती चहा करायला आत गेली आणि भांडी जरा जास्तच वाजली. मला वाईट वाटलं, त्या योद्ध्याचा मलाही लळा लागला होता. पण निर्णय बरोबर होता, याबद्दल मला शंका नव्हती.

मामेभाऊ म्हणाला, "बरोबर हाय ताई. नवा कागद दे."

योद्ध्याच्या जागी खेळायला त्यानं त्याच गावची एक लोहारीण कागदावर तयार केली. जाडजूड दंडांची, कमी बोलणारी. चहा येईपर्यंत तिचा हातोडा, ऐरण, सगळं लिहून झालं होतं.

बहिणीनं कप खाली ठेवले आणि तो कागद ओढून वाचला.

"हिला माझ्यासाठी नवी कुऱ्हाड घडवता येईल?"

"येईल की," मामेभाऊ म्हणाला. "कशाची पाहिजे ते सांग."