पाच सूत जास्त

मी पॅटर्नमेकर. म्हणजे काम लाकडाचं आणि पोट लोखंडावर. फौंड्रीत जो भाग ओतायचा तो आधी लाकडात हुबेहूब घडवावा लागतो, मग त्याचा ठसा वाळूत उठवतात आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. नव्वदच्या दशकात मी उचगावजवळच्या एका फौंड्रीत होतो, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यासारखा हात आसपासच्या दहा शेडांत नव्हता. हे मी तेव्हाही सांगत फिरायचो, आताही सांगतो.

आमच्या चर्चमधलं प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर-द्राक्षारस ठेवायचं टेबल वाळवीनं खाल्लं, तेव्हा नवं करायचं काम मी मागून घेतलं. माझे वडील त्याच चर्चचे शिपाई. जन्मभर त्यांनी तिथला केर काढला, घंटा वाजवली, पण पुढच्या बाकावर बसा असं त्यांना कधी कुणी म्हटलं नाही. त्यांच्या पोरानं केलेलं टेबल सगळ्या मंडळीसमोर मधोमध उभं राहणार, या विचारानंच मी दोन महिने ताठ चालत होतो.

टेबल बसायचं होतं दोन दगडी खांबांच्या मधे. ते अंतर मोजून दिलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे निवृत्त ड्रॉइंगमास्तर आणि आमच्या मंडळीचे पंच, चर्चचा कारभार बघणारे. खिडकीच्या काचेपासून कुंपणाच्या तारेपर्यंत चर्चचं प्रत्येक माप तीस वर्षं त्यांनीच घेतलेलं. त्यांनी सुबक अक्षरात कागदावर लांबी लिहिली आणि खाली रेघ मारून दिली.

फौंड्रीच्या मालकांनी शेडमध्ये काम करायला परवानगी दिली. पाळी सुटली की मी आणि माझा जोडीदार लागायचो. जोडीदार उचगावचा, शेतकऱ्याच्या घरचा, माझ्याच बाकड्यावर काम करणारा. घरी म्हशीची धार वाट बघत असायची, तरी हा सागवानाला पॉलिश घासत बसायचा. “देवाचं काम हाय, कुटल्या का देवाचं असंना,” म्हणायचा. वरच्या फळीच्या मधोमध आम्ही शिसवी लाकडाचा क्रूस बसवला. सांधा असा, की नख फिरवलं तरी लागू नये.

ईस्टरच्या आधीचा रविवार हा झावळ्यांचा रविवार; त्याच्या आदल्या दिवशी आम्ही टेबल टेम्पोतून चर्चमध्ये नेलं. बायका झावळ्या बांधत होत्या, मास्तर देखरेखीला उभे होते. टेबल उचललं, खांबांमधे सारलं आणि ते अडलं. फिरवून बघितलं, तरी अडलं. टेबल जागेपेक्षा लांब होतं. माझं डोकं फिरलं. सगळ्या बायकांदेखत मी ओरडलो, “मास्तर, तुम्हाला साधी पट्टी तरी धरता येतीय का? दोन महिन्यांचं काम मातीत घातलं की!”

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. “बघतो,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते शेवटच्या बाकावर बसले. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला सांगितलं, की मास्तरांनी चिठ्ठी दिली आहे: “माझी नजर आता भरवशाची राहिली नाही, पंच म्हणून दुसरा माणूस निवडावा.” ऐकून मला वाईट वाटलं नाही. बरंच झालं, असं वाटलं. लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

सोमवारी टेबल परत शेडमध्ये आणलं. जोडीदारानं बाजारातला साधा टेप काढून वरच्या फळीला लावला, मग माझ्या हातातली पट्टी हिसकावून बघितली आणि बाकड्यावर बसून हसायलाच लागला. “लेका, ह्ये टेबल वितळवून वतायचं हाय व्हय? का देवाचं टेबल गार झाल्यावर आटतंय?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. लोखंड थंड होताना आटतं, म्हणून आमचा लाकडी नमुना थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमच्या पट्ट्याच मुळात वाढीव आखलेल्या असतात. त्यांच्यावरचा फूट हा खऱ्या फुटापेक्षा जरासा लांब. नऊ वर्षं माझ्या हातात दुसरी पट्टी नव्हती. मी देवाचं टेबल पंपाच्या भागासारखं मापलं होतं. पाच सूत जास्त, म्हणजे अर्ध्या इंचाच्या वर.

“कुणाला बोलू नको,” मी म्हणालो.

“तुज्या चर्चात मी कुणाला वळकतोय? पर त्या मास्तरांस्नी काय सांगणार हाईस?”

“काही नाही. दोन्ही टोकं तासतो, गोलाई परत काढतो आणि बसवतो.”

त्यावर गडी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. काम मात्र करू लागला.

ईस्टरच्या आदल्या दुपारी आम्ही टेबल बसवलं. खांबांमधे असं बसलं, की जणू तिथंच उगवलंय. मी खाली वाकून पाय सरळ आहेत का बघत होतो, तेव्हा खांबाच्या कडेला पेन्सिलीच्या बारीक रेघा दिसल्या. सहा. प्रत्येकीशेजारी तेच माप लिहिलेलं, त्याच सुबक अक्षरात. मास्तर आठवडाभर रोज येऊन जागा मोजत होते, आपलं कुठं चुकलं ते शोधत होते. मी तिथंच फरशीवर बसलो. जोडीदारानंही रेघा बघितल्या.

ईस्टरला चर्च खचाखच भरलं होतं. टेबलाचं समर्पण झालं, पाळकसाहेबांनी माझं कौतुक केलं आणि लोकांनी मागं वळून माझ्या वडिलांकडं बघितलं. ते दाराशी उभे होते. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आधी पाहिला नव्हता. गप्प राहिलो असतो तर तो तसाच राहिला असता. मी उठलो.

“मास्तरांचं माप बरोबर होतं,” मी म्हणालो. “मी चुकीच्या पट्टीनं टेबल केलं, आणि माझी चूक असताना त्यांच्यावर ओरडलो. तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलंय, म्हणून हेही सगळ्यांसमोर सांगतो.”

तेवढ्यात मागच्या भिंतीजवळून मोठ्यानं आवाज आला, “व्हय, खरं हाय त्ये! मी साक्षीला हाय!” टेबल बघायला आलेला माझा जोडीदार होता. सगळे हसले, मीही हसलो. वडिलांकडं बघायचा धीर होत नव्हता, तरी बघितलं. ते माझ्याकडं बघून मान हलवत होते, पाखडलेला तांदूळ निवडून झाल्यावर माणूस समाधानानं हलवतो तशी.

आजवर मी शेकडो पॅटर्न केले, त्यातले काही परदेशात गेले. पण छाती काढून सांगावं असं माझ्याकडं जे आहे, ते ही तीन वाक्यं आणि त्यानंतर झालं ते. मास्तर शेवटच्या बाकावरून उठले. काठी टेकत, कुणाचा हात न धरता, थेट पाळकसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

“साहेब,” ते म्हणाले, “माझी चिठ्ठी परत द्या.”